आमची वाटचाल : शिरोलीचं मॅनिफोल्ड आणि जुनी माझदा

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. लेथ, एक वय झालेलं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), रेडियल ड्रिल आणि मागच्या शेडमध्ये पॅटर्नचे, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यावरून पाडतात त्या नमुन्यांचे, रॅक. त्या रॅकवर सगळ्यात जास्त वापरात असलेला पॅटर्न ना ट्रॅक्टरचा आहे, ना पंपाचा. तो आहे माझदा एमएक्स-५ या जपानी स्पोर्ट्स कारच्या टर्बो मॅनिफोल्डचा. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि मॅनिफोल्ड म्हणजे तो धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग. ही गाडी भारतात कधी विकायला आलीच नाही. कोल्हापुरात माझदा म्हटलं की लोकांना अजून स्वराज माझदाचा टेम्पोच आठवतो. त्यामुळे ‘तुम्ही नक्की बनवता काय?’ हे आम्हाला बँकेच्या मॅनेजरपासून सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय.

सुरुवात चारचौघांसारखीच. वडील शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. पुढे शिरोलीत गाळा घेतला आणि मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांचं जॉबवर्क सुरू झालं. फेस मारा, भोकं पाडा, आटे मारा, पेटी भरा. दर दुसऱ्याने ठरवायचे आणि बिल त्याच्या सवडीने निघायचं. या धंद्यातल्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही.

वळण आलं ते आत्याच्या मुलामुळे. तो इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीजवळ नोकरीला. तिथे त्याने जुनी, पहिल्या पिढीची एमएक्स-५ घेतली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दाखवलेली ही गाडी : दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, १.६ लिटरचं इंजिन, जेमतेम ११५ हॉर्सपॉवर आणि वजन टनाच्या आतलं. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे जुन्या गाड्यांना जगभर तोटा नाही. गाडी वळणावर जितकी गोड, सरळ रस्त्यावर तितकीच निवांत. म्हणून टर्बोची हौस पहिल्यापासूनच. इंग्लंडात ब्रॅकलीच्या बीबीआर या कंपनीने नव्वदीच्या सुरुवातीलाच टर्बो बसवून ती १५० हॉर्सपॉवरवर नेली होती आणि माझदाचे डीलर ती विकत होते. खुद्द माझदाने मात्र स्वतःची टर्बो आवृत्ती काढायला २००४ उजाडवलं, तेही दुसऱ्या पिढीत. मधल्या काळात ज्याला टर्बो हवा त्याने स्वतःच्या अंगणात जॅक लावून बसवायचा, अशी रीतच पडली.

आमच्या पाहुण्यानेही तेच केलं. कुणीतरी वापरून काढलेलं स्टेनलेस पाइपांचं मॅनिफोल्ड घेतलं, बसवलं, आणि वर्षाच्या आत त्याला तडा गेला. गणपतीला गावी येताना ते बॅगेतून घेऊन आला. ‘मामा, वेल्ड मारून द्या,’ एवढीच मागणी. वडिलांनी ते उजेडात धरलं. तडा वेल्डच्या मधोमध नव्हता, वेल्डच्या कडेने, जिथे पातळ पाइप जाड फ्लँजला (बोल्टने आवळायच्या पट्टीला) भेटतो तिथे होता. वडील म्हणाले, ‘वेल्ड आज मारतो, पण दिवाळीला परत आणशील.’

कारण साधं आहे. पेट्रोल टर्बो इंजिनाचा धूर जोरात चालवताना ८००–९०० अंशांपर्यंत तापतो. स्टेनलेस बिडापेक्षा, म्हणजे ओतीव लोखंडापेक्षा, जवळजवळ दीडपट फुगतं. एका बाजूने ॲल्युमिनियमच्या हेडला घट्ट आवळलेलं, दुसऱ्या बाजूला टर्बोचं ओझं लटकलेलं, आणि मध्ये दीड-दोन मिलिमीटरची पाइप. तापते, फुगते, जागा मिळत नाही, निवते, आखडते. हे हजारदा झालं की तुटतेच. लोक दोष बूस्टला, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाला, देतात. सात-आठ पीएसआय म्हणजे सायकलच्या ट्यूबमध्ये असते त्याहून कमी हवा. तेवढ्याने मॅनिफोल्ड फाटत नसतं. फाडते ती उष्णता.

शेजारच्या फाऊंड्रीत डिझेल इंजिनांची मॅनिफोल्ड ओतली जातात, ती सिमो बिडात. एसजी आयर्नमध्ये (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या बिडात) चार टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम. उष्णतेत हे बीड साध्या बिडासारखं वाढत नाही आणि त्यावरची पापडी लवकर सुटत नाही. मग वडिलांच्या डोक्यात आलं, हेच या गाडीला ओतून दिलं तर? उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींनी सागवानी पॅटर्न आणि कोअरबॉक्स (आतली पोकळी घडवणारा साचा) करून दिला. मेस्त्रींनी ती गाडी आयुष्यात बघितलेली नव्हती. हेडची गॅस्केट, टर्बोची टी-२५ मापाची फ्लँज आणि पाहुण्याने पाठवलेली मापं, एवढ्यावर काम.

इथे एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. या इंजिनाचा एक्झॉस्ट उजव्या अंगाला आहे. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे त्या बाजूला मोकळं रान. इंग्लंडात स्टिअरिंगचा दांडा नेमका तिथूनच खाली उतरतो, त्यामुळे अमेरिकन गाडीसाठी केलेलं मॅनिफोल्ड तिथे हमखास जमेल असं नाही. आमचं गिऱ्हाईकच इंग्लंडचं, म्हणून पॅटर्न करतानाच टर्बो पुढे आणि वर घेतला. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला बिडाचं तयार मॅनिफोल्ड शोधणारे लोक होते, त्यांनी आम्हाला शोधून काढलं. जाहिरात अशी आम्ही कधी केलीच नाही.

खरी लढाई फाऊंड्रीत झाली. एवढ्याशा नगांसाठी कुणी अख्खी हीट, म्हणजे भट्टीभर धातूची खेप, लावत नाही. फाऊंड्रीवाले म्हणायचे, ‘आमचं सिमोचं काम झालं की लेडलच्या (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याच्या) शेवटी तुमचे साचे भरून देतो.’ ऐकायला उपकार वाटतो, पण त्यात गोम आहे. एसजी बिडात मॅग्नेशियम घातलं की ग्रॅफाइटच्या गोळ्या बनतात, आणि ते मॅग्नेशियम धातू उभा राहिला की मिनिटागणिक उडत जातं. लेडलच्या शेवटच्या धातूत गोळ्यांऐवजी किड्यांसारखे आकार दिसायला लागतात. वरून कास्टिंग गुळगुळीत, तडा मात्र तिथूनच सुटणार. म्हणून आम्ही अट घातली : आमचे साचे लेडलच्या सुरुवातीला, आणि प्रत्येक हीटबरोबर एक चाचणीचा तुकडा. तो आम्ही कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघतो. यासाठी किलोमागे जादा मोजतो आणि मोजत राहणार. दराची घासाघीस आम्हालाही कळते, पण ती इथे नाही करायची.

मशीनिंगमध्ये दोन गोष्टींवर आमचा जीव आहे. हेडकडची फ्लँज आम्ही सलग ठेवत नाही. पोर्टांच्या मध्ये करवतीने चिरा देतो आणि टोकांची भोकं थोडी लांबट ठेवतो, म्हणजे गरम झाल्यावर तिला दोन्हीकडे सरकायला जागा राहते. दुसरी गोष्ट टर्बो आवळणारे चार स्टड. या गाडीचं हे जुनं दुखणं. साधे स्टड तापून लांबतात, पकड जाते, नट ढिले पडतात, गॅस्केट फुंकली जाते आणि मालक ‘टर्बो शिट्टी मारतोय’ म्हणून नवा टर्बो शोधायला निघतो. आम्ही इनकोनेलचे, म्हणजे उष्णता झेलणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचे, स्टड देतो. ते महाग पडतात, आणि एवढ्याशा चार काड्यांना इतके पैसे कशाला, असं विचारणारा दर महिन्याला एक तरी भेटतो. त्याला आम्ही स्टडशिवाय मॅनिफोल्ड विकत नाही.

मालापेक्षा जास्त डोकं मात्र सोबतच्या सूचनापत्रावर खर्च झालंय. आमची गिऱ्हाइकं गॅरेजवाली नाहीत. शिक्षक आहेत, एक नर्सबाई आहेत, निवृत्त पोस्टमन आहेत. शनिवारी पावसात गाडीखाली सरपटणारी माणसं. त्या पत्राचं पहिलं पान टर्बोबद्दल नाहीच. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास नसतील तर आमचं पार्सल उघडूही नका. टायमिंग बेल्टचा हिशेब नसेल तर आजच बदला, सोबत वॉटर पंप. रेडिएटरची वरची प्लॅस्टिक टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर ती आता कधीही फुटेल. हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सरची रबरी रिंग तेल गळते आणि ते तेल खालच्या पाण्याच्या होसवर पडतं. सुरुवातीच्या १.६ इंजिनात क्रँकचं पुढचं नाक आखूड आहे, पुली डगमगते का बघा. इंग्लंडची गाडी असेल तर मागच्या चाकापुढच्या सिल्सना खालून टोचा. गंज असेल तर टर्बोचे पैसे आधी पत्र्याला घाला. गिऱ्हाईक पळेल असं धाकट्या भावाला वाटायचं. कुणी पळालं नाही. काहीजण वर्षभराने परतले, गाडी नीट करून.

सगळ्यात जास्त फोन येतात ते तेलाच्या परतीच्या पाइपवरून. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, त्यातून तेल फेसाळून बाहेर येतं आणि पुढे दाब नसतो. ते फक्त उतारानेच संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, जातं. पाइप जाड हवी, सतत उतरती हवी आणि संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर शिरायला हवी. पाइप कुठे वर चढली की तेल तुंबतं, सीलमधून सुटतं आणि निळा धूर. संपला भोक पाडायला इंजिन उतरवण्याची गरज नसते. ड्रिलच्या धारेला भरपूर ग्रीस थापायचं, थोडं थोडं पाडायचं, ग्रीससकट कीस पुसून घ्यायचा. टॅपलाही तसंच. शेवटी जुनं तेल काढल्यावर वरून थोडं स्वस्त तेल ओतून राहिलेला कीस वाहून जाऊ द्यायचा. हा परिच्छेद वडिलांनी मराठीत सांगितला आणि भाच्याने इंग्रजीत उतरवला. नर्सबाईंनी यावरच बघून भोक पाडलं आणि ग्रीसमध्ये रुतलेल्या किसाचा फोटो पाठवला. तो शेडच्या भिंतीवर आहे.

इंधन आणि इग्निशन यात मात्र आम्ही पडत नाही. मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ९.४ ला १ आहे. त्यावर बूस्ट द्यायचा तर मिश्रण आणि टायमिंग दोन्ही हातात हवं. नाहीतर नॉकिंगने (मिश्रण अवेळी पेटल्याने) पिस्टनची कड जाते. लोक मेगास्क्वर्टसारखे ईसीयू (इंजिन सांभाळणारे छोटे संगणक) स्वतः जोडतात, उत्तम करतात. आम्ही एवढंच विचारतो की वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रणाचं प्रमाण सांगणारा) लावलाय का. नसेल तर बूस्ट वाढवण्याबद्दल आम्ही बोलत नाही.

निकेल-रेझिस्ट बिडात का ओतत नाही, असं ट्रॅकवर चालवणारे विचारतात. त्यात निकेल पस्तीस टक्क्यांपर्यंत जातं. ते सिमोपेक्षा जास्त उष्णता झेलतं हे खरं, पण आमच्या नगसंख्येला तो खर्च बसत नाही. सतत ९०० अंशांवर चालवणार असाल तर दुसरीकडून घ्या, आम्ही तसं लेखी कळवतो.

पुण्या-मुंबईतूनही विचारणा येते, ‘माझ्या जुन्या गाडीला करून द्या ना.’ रस्त्यावरच्या गाडीसाठी आम्ही नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आपल्याकडे असा बदल अंगाशी येतो. इंग्लंडातल्या गिऱ्हाइकालाही विमा कंपनीला आधी कळवा, असं बिलावर छापलेलं आहे.

जॉबवर्क आम्ही सोडलेलं नाही. पगार अजून त्यावरच निघतात. मॅनिफोल्डचं काम आठवड्याच्या शेवटी चालतं आणि कुरियरचं पार्सल मंगळवारी जातं. बीड जड, त्यामुळे भाडं कधीकधी मालाच्या निम्म्यावर जातं, त्याला इलाज नाही. ऑर्डर देताना इंजिन १.६ की १.८, स्टिअरिंग कुठल्या बाजूला, पॉवर स्टिअरिंग आणि एसी आहे का, एवढं लिहा आणि एक्झॉस्टच्या बाजूचा बॉनेट उघडून काढलेला फोटो जोडा. फोटो आल्याशिवाय आम्ही पैसे घेत नाही.