फोंडा ते चोर्ला, दुसऱ्यांदा: या वेळी बॅटरी पुरली

डिसेंबरात गोव्यातल्या फोंड्याहून जाऊन चोर्ला घाट चढताना एका वळणावर माझ्या सायकल कॉम्प्युटरने (हँडलवरचं वेग, अंतर, मार्ग नोंदणारं यंत्र) मान टाकली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. आधी ‘बॅटरी कमी’ची सूचना आली, मग कंपनीचं चिन्ह क्षणभर चमकलं आणि पडदा काळा झाला. मी वर पोचलो, फोटो काढला, खाली आलो. पण चढाचा शेवटचा आणि सगळ्यात वाईट तुकडा कुठेच नोंदला गेला नाही. फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकणारा भाचा म्हणाला, “मामा, पुरावा नाही म्हणजे तू चढलाच नाहीस.”

यंत्र चार वर्षांचं. खोक्यावर पंधरा तास लिहिलेले, मला मिळाले जेमतेम साडेपाच. दुकानदाराने ऐकताक्षणी “बॅटरी गेली, नवीन घ्या” असं सांगून टाकलं. नवीन घ्यायची इच्छा कोणाला नसते? पण त्या किमतीत घरातल्या दोन खोल्यांना रंग निघतो, आणि रंगाचं काम आधीच दोन वर्षं रखडलेलं आहे. म्हणून जानेवारीभर मी वेगळा उद्योग केला. संध्याकाळी दोन-दोन तासांच्या फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरीत एकच सेटिंग बदलायचं आणि निघताना-परतताना बॅटरीचे टक्के वहीत लिहायचे. अर्ध्या तासाच्या फेरीवरून निष्कर्ष काढू नका, टक्क्यांचा आकडा तेवढ्यात काहीही सांगतो. आणि एका वेळी पाच सेटिंगं बदललीत तर नेमका चोर कोण होता ते शेवटपर्यंत कळत नाही.

माझ्याकडचा मुख्य चोर म्हणजे बॅकलाइट. पावसाळ्यात काळोख्या सकाळी निघायचो तेव्हा तो पूर्ण उजेडावर आणि ‘कायम चालू’वर ठेवला होता, तो तसाच राहिला. माझ्या यंत्राचा पडदा उन्हाचाच उजेड परतवून दिसणारा आहे. भर दुपारी आतला दिवा लावला काय नि न लावला काय, डोळ्यांना फरक कळत नाही, बॅटरीला मात्र कळतो. दिवा पंधरा सेकंदांनी विझेल असं केलं आणि पहिल्याच फेरीत खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. तुमचा पडदा मोबाईलसारखा भडक रंगीत असेल तर उन्हात दिवा लागणारच. तिथे उजेड आपोआप कमी-जास्त होऊ द्या.

त्याच दिव्याला दर थोड्या वेळाने जागं करणारं आणखी एक प्रकरण निघालं: मोबाईलच्या सूचना. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पहाटे पाचपासून सुप्रभात सुरू होतं. प्रत्येक गुलाबाच्या फुलाबरोबर माझा पडदा उजळत होता. आत्याची, काकांची माफी मागून सूचना बंद केल्या. फोन आलेला मात्र कळतो, तेवढं पुरे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पावणेसहाला फोंड्याहून निघालो. या वेळी बेत दोन दिवसांचा: पहिल्या दिवशी दिवाडी, नार्वे, डिचोली, साखळी करत केरीला मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी घाट, आणि परतीला होंडा-वाळपई-उसगाव. पहिला दिवस पंचावन्न-साठ किलोमीटरचा, तोही बऱ्यापैकी सपाट. डिसेंबरात हे सगळं एकाच दिवसात उरकायचा अट्टहास केला होता. तो वयाला आणि बॅटरीला, दोघांनाही झेपला नाही.

निघण्याआधी कॉम्प्युटर चालू करून अंगणात तुळशीपाशी उघड्यावर ठेवला आणि मग टायरची हवा, दिवे बघितले. पूर्वी पोर्चच्या पत्र्याखालीच बटण दाबून निघायचो. प्रत्येक उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे हा तपशील दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगत असतो. मध्ये पत्रा किंवा इमारत आली की निरोप तुटतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसतं. चालत्या सायकलवर हे शोधकाम लांबतं. आदल्या रात्री यंत्र मोबाईलला जोडून उपग्रहांची माहिती ताजी करून घेतली तर उपग्रह चटकन सापडतात.

म्हार्दोळला देवळाबाहेर फुलवाल्या बसू लागल्या होत्या. बाणस्तारीला पातळभाजी-पाव खाल्ला, खोर्लीवरून जुने गोवे गाठलं आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट धक्क्यावर. फेरीबोटीत सायकल रेलिंगला टेकवून उभा राहिलो तर पडद्यावर वेग दिसतोय ताशी नऊ किलोमीटर. मांडवीवर मी सायकल चालवतोय असा त्याचा समज. नोंद थांबवायची तर बोटीत चढतानाच थांबवा. पण एक लक्षात ठेवा, नोंद थांबली तरी उपग्रहांचं ऐकणं चालूच असतं. सायकल थांबली की नोंद आपोआप थांबवणाऱ्या ‘ऑटो पॉज’मुळे बॅटरी वाचते हा माझा जुना भ्रम होता. फेरीसाठी अर्धा तास थांबायचं असेल तर राइड जतन करून यंत्र बंद करा. दोन तुकडे झाले तर झाले.

दिवाडीवर धुकं होतं. खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांतल्या, बांधांवर बगळे, पलीकडे पिएदादच्या टेकडीवरचं चर्च अर्धं दिसतंय, अर्धं नाही. तिथे मुद्दाम रूट सोडून एका बांधावर शिरलो, तेव्हा दुसरा चोर सापडला. यंत्र लगेच ‘मार्ग चुकला’ म्हणून नवीन रस्ता मोजायला लागलं, तो मोजून होईतो मी आणखी पुढे, मग पुन्हा मोजणी. गोव्याच्या गावांत हे सतत होणार, कारण पायवाट, बांध आणि रस्ता यांतला फरक नकाशाला नीट कळत नाही. आपोआप नवा मार्ग काढण्याची सोय मी तिथेच बंद केली. चुकलो तर परत फिरू.

नकाशाचं पानही कायम उघडं ठेवू नका. सायकल हलते तसा नकाशा सारखा नव्याने रेखाटावा लागतो, प्रोसेसरला उसंत मिळत नाही. माझ्याकडे वेग-अंतराचं साधं पान उघडं असलं तरी वळण जवळ आलं की बाण दिसतो आणि ‘टुं’ वाजतं. बहुतेक यंत्रांत असंच असतं, एकदा तपासून घ्या. शिवाय केरीपासून चोर्ल्यापर्यंत रस्ता एकच. तिथे नेव्हिगेशन कशाला हवं? डिसेंबरात मी ते चालू ठेवलं होतं, आणि दर वळणाला ‘सरळ जा’ हा सल्ला ऐकत होतो.

नार्वेची फेरी दुसरी. पलीकडे उतरल्यावर श्री सप्तकोटेश्वराच्या देवळात जरा टेकलो. मूळचा हा देव दिवाडीचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर तो नदीपार आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ नव्याने बांधवलं. आत गारवा छान. माझं लक्ष मात्र वहीकडे: तोवर ८३ टक्के. डिसेंबरात इथवर येईतो पन्नाशीत होतो.

मयेवरून डिचोली आणि पुढे साखळीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. तांबडी धूळ खा आणि पुढे चला. सव्वाबाराला केरीत मावशीच्या दारात उभा होतो, पडद्यावर ६२ टक्के. साडेसहा तासांत ३८, म्हणजे तासाला सहाच्या आत. चार वर्षांच्या बॅटरीला मी नावं ठेवत होतो हे जरा अंगावर आलं.

“अरे, ते घड्याळ जेवताना तरी बाजूला ठेव,” मावशी म्हणाली. तिच्यासाठी मनगटावर नसलं तरी ते घड्याळच. सुंगटांचं हुमण, भात आणि सोलकढी झाल्यावर वहीत लिहायची शुद्धच राहिली नाही.

पॉवर बँकेबद्दल सांगायलाच हवं, कारण जानेवारीत यानेच मला सगळ्यात जास्त छळलं. माझी बँक ५००० एमएएचची, म्हणजे वाटेतली गळती धरूनही कॉम्प्युटर तीनेक वेळा भरावा. पण ८५ टक्क्यांवर जोडला की थोड्या वेळाने बँकेचे दिवे विझायचे आणि यंत्र ९० च्या आसपास अडकायचं. मला वाटलं केबल खराब. दोन केबली बदलल्या. खरं कारण असं की लिथियमची बॅटरी भरत आली की ती प्रवाह कमी-कमी ओढते, आणि हा प्रवाह अगदी थोडा झाला की बँकेला वाटतं कोणी जोडलेलंच नाही. ती झोपी जाते. मोबाईलसारख्या खादाड यंत्राच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. तेव्हा वाटेत चार्ज करायचं तर २०-३० टक्क्यांवर आल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, आणि ऐंशीपर्यंतच. वरचे वीस टक्के भरण्याच्या नादी लागू नका. काही पॉवर बँकांत कमी प्रवाहाची वेगळी सोय असते, बहुधा बटण दोनदा किंवा जरा जास्त वेळ दाबून. घेताना ते विचारा.

दुसरी खोड: काही कॉम्प्युटर केबल लागली की समजतात आपल्याला लॅपटॉपला जोडलंय, आणि चालू राइड थांबवून टाकतात. हे घाटात समजण्यापेक्षा घरी समजलेलं बरं. चालत्या सायकलवर भर उन्हात चार्जही करू नका. काळं प्लास्टिक आधीच तापलेलं असतं, त्यात चार्जिंगची उष्णता. बॅटरी फार गरम झाली की बरीच यंत्रं चार्ज घेणंच थांबवतात, आणि न थांबवणारी लवकर म्हातारी होतात.

म्हातारपणावरून आठवलं. माझ्या बॅटरीची थोडी झीज झाली आहेच, आणि तो दोष माझा. चार वर्षं ती रात्रभर चार्जरला लावून शंभर टक्क्यांवर ठेवली, मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरली. लिथियमला उष्णता आणि सतत भरलेलं पोट, दोन्ही मानवत नाही. पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर यंत्र अर्धं भरून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. आणि आपल्याकडे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी चार्जिंगचं तोंड अधूनमधून बघावं. खारी हवा, घाम आणि ओलावा मिळून आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, मग रात्रभर लावूनही यंत्र अर्धंच भरतं. जुना कोरडा टूथब्रश फिरवला की काम होतं. ओल्या तोंडात केबल मात्र कधीच खुपसू नका.

रविवारी साडेसहाला केरी सोडली. रात्री भिंतीवरच्या चार्जरने शंभर करून घेतलं होतं. लांबच्या दिवसाआधी तेवढं चालतं. अंजुणे धरणाचं पाणी डावीकडे की उजवीकडे हे बघायचंही भान चढ सुरू झाल्यावर राहत नाही, म्हणून आधी थांबून बघून घ्या. पाणी केरीतच भरा. मोबाईल विमान मोडवर टाका: घाटात नेटवर्क येतं-जातं, आणि ते शोधण्यात मोबाईलची बॅटरी कॉम्प्युटरच्या आधी संपते. घरच्यांना दिसावं म्हणून थेट ठावठिकाणा पाठवत असाल तर तो मोबाईलमधूनच जातो. नेटवर्क नसताना त्याचा उपयोग शून्य. मावशीला सांगून निघालो, “अकरापर्यंत खाली नाही आलो तर विचारपूस कर.”

उपग्रहांचं सेटिंग मी पहिल्या दिवशी फक्त जीपीएसवर ठेवलं होतं. दिवाडीच्या उघड्या खाजनात आकाश चारी बाजूंनी मोकळं, तिथे तेवढं पुरतं. घाटात दाट झाडी आणि एका अंगाला डोंगर, म्हणून ग्लोनास (रशियाचे उपग्रह), गॅलिलिओ (युरोपचे) आणि दुहेरी फ्रिक्वेन्सी (एकाच उपग्रहाला दोन लहरींवर ऐकणं) असं सगळं चालू केलं. याला बॅटरी जास्त लागते, माझ्याकडे तासाला नऊ टक्के गेले. पण फक्त जीपीएसवर घाटाची वळणं कापली जातात, कधी रेघ थेट दरीतून जाते आणि अंतर कमी भरतं. बॅटरी वाचवायच्या उत्साहात इथे कंजुषी नको. उलट हृदयगतीचा पट्टा आणि केडन्सचा (पायडल मिनिटाला किती फिरतं ते मोजणारा) सेन्सर काढून टाकून काही वाचत नाही, वहीत मला फरक दिसला नाही. त्यांची स्वतःची बटणासारखी बॅटरी असते. नोंद दर सेकंदाला की सोयीनुसार, यानेही माझ्याकडे काही हललं नाही.

चढ सावलीतला असला तरी नऊनंतर गाड्या वाढतात. रविवारी बेळगावकडून येणाऱ्यांची रीघ असते आणि आंधळ्या वळणांवर ओव्हरटेक करणारे कमी नाहीत. मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. साधारण आठशे मीटर उंचीवर पोचलो तेव्हा पडद्यावर ७४ होते. उतरताना ब्रेक धरून हात भरून आले. खाली येईतो साडेदहा, मावशी गेटपाशीच उभी.

होंडा, वाळपई, उसगाव, तिस्क, खांडेपार. झाडी संपल्यावर उपग्रह पुन्हा साध्यावर आणले, पॉवर बँक पिशवीतून बाहेर काढलीच नाही. दुपारी तीनला घरी, शिल्लक ४१.

संध्याकाळी भाच्याने राइड लॅपटॉपवर उघडली. घाटाची रेघ पूर्ण होती, वळण न् वळण. त्याने आलेख मोठा केला, बोट ठेवलं आणि विचारलं, “मामा, इथे ताशी चार किलोमीटर म्हणजे तू ढकलत होतास ना?”

डिसेंबरात नेमकी तिथेच बॅटरी गेली होती.