कूलरच्या खोलीतली झाडे

भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि घरातली झाडे त्या उन्हानेच करपतात असे मी बरीच वर्षे समजत होतो. वास्तविक माझ्या पीस लिलीपर्यंत उन्हाचा कवडसाही पोहोचत नव्हता, तरी तिच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळत होत्या. पानांनी मान टाकली की मी पाणी घालत असे. माती आधीच ओली होती, त्यामुळे अखेर मुळे कुजली. कुंडी उपसताना आलेल्या वासाने माझे डोळे उघडले आणि मी एक साधा आर्द्रतामापक आणला.

दुपारी त्यावर १८ टक्के आकडा दिसला. हा आकडा तापमान सोडून वाचू नये, कारण हवा जितकी तापलेली तितके जास्त बाष्प तिच्यात मावते; ३० अंशांना ४० टक्के आर्द्रता असलेली हवा ४२ अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता जेमतेम २१ टक्के उरते. अशी हवा पानांतले पाणी इतक्या वेगाने ओढते की ओल्या मातीतल्या मुळांनाही तो पुरवठा करणे जमत नाही. मग पाने आपली रंध्रे मिटून घेतात आणि बाष्पोत्सर्जनाचा गारवाही गमावतात.

यावर आपला कूलरच कामाचा आहे, कारण तो खोली थंड करताना हवेत बाष्पही सोडतो. एसी मात्र हवा आणखी कोरडी करतो. तरीही कुंडी थेट झोतात ठेवू नये. आपल्याकडे केळीच्या बांधाला शेवरी लावून गरम वारा अडवतात, त्यामागेही पानांना वाऱ्यापासून वाचवण्याचाच विचार आहे. समोरची खिडकी किंचित उघडी ठेवावी, नाहीतर खोली नुसती दमट होते. पानांवर पाणी फवारण्याचा उपयोग काही मिनिटांपुरताच होतो, शिवाय बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात ते वेगळेच. त्यापेक्षा कुंड्या जवळजवळ ठेवणे बरे.

पाऊस लागला की हवा आपणच दमट होते. तेव्हा कूलर बंद करून पंखा मंद ठेवावा आणि पाणी निम्म्यावर आणावे, अन्यथा बुरशी धरते. हिवाळ्यात पारा १० अंशांकडे उतरू लागला की मी रात्री कुंड्या खिडकीपासून दूर सरकवतो. स्नेक प्लांट मात्र सगळा उन्हाळा कूलरविना जिन्यातच असतो, आणि अजून तरी त्याची तक्रार नाही.