गंजलेला नट

शुक्रवार, रात्री

आज गाडी आपणहून निघाली. घाटीच्या चढावर उभी केली, हँडब्रेक ओढला, गेट उघडायला उतरलो तोच मागून आईची हाक आली, "अरे, गाडी चालली!" चार-पाच फूट घरंगळून कुंपणाच्या गडग्याला टेकली. जांभ्याचे दोन चिरे खाली आले, बंपर खरवडला. गिअरमध्ये टाकायला विसरलो होतो. हे इथेच लिहितोय, घरात बोललेलो नाही.

नंतर खटके मोजले. लिव्हर बारा खटके वर येतो, तरी धरत नाही. सहा-सातात धरायला हवा. पण पावसाळाभर कोण बघतंय? मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममधले लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारं अस्तर, ओलीने चिकटतात आणि सकाळी चाक हलत नाही, म्हणून आमच्याकडे जूनपासून हँडब्रेक लावतच नाहीत. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकामागे दगड. गुरुवारी दसरा. पूजेआधी हे काम उरकायचं.

शनिवार

पुढच्या चाकांना अडण म्हणून उटी लावून मागची बाजू जॅकवर घेतली, खाली आधाराला दोन घोड्या. शेजारचे काका म्हणाले, "चिरे लाव की चार." जांभ्यावर गाडी ठेवून तिच्याखाली झोपायची माझी तयारी नाही. तो भार घेतो घेतो आणि एकदम भुगा होतो.

आधी ड्रम उघडले. ब्रेकचे शूज, म्हणजे लायनर बसवलेल्या पट्ट्या, सैल होते, लायनर मात्र अजून चालतील असे. शूज बसवून घेतले. ते न करता नुसती केबल ताणली तर दुखणं झाकलं जातं एवढंच. तरीही लिव्हर नऊ खटके येत होता, म्हणजे केबलही आवळायला हवी.

आणि मग तो नट. लिव्हरकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला आटे, त्यावर दोन्ही चाकांच्या केबली धरणारी पट्टी, पट्टीमागे दहाचे दोन नट: एक ताण कमी-जास्त करायचा, दुसरा त्याला जागेवर धरणारा. आज तिथे दांडा कुठला आणि नट कुठला कळत नव्हतं, सगळा मिळून एक तपकिरी गोळा. लोखंडाचा गंज झाला की तो लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांमधली बारीक फट भरली की नट आतून आवळला जातो. रत्नागिरीची खारी हवा, त्यात चार पावसाळ्यांचा चिखल, अजून काय व्हायचं.

मागच्या नटाचे दोन कोपरेही गोल झालेले. ते पुण्यकर्म माझंच. चार वर्षांपूर्वी रिंग पाना शोधायचा कंटाळा म्हणून स्क्रू पाना लावला होता. वर ग्रीसही लावलं नव्हतं.

तारेच्या ब्रशने उघडे आटे घासले, डब्ल्यूडी-फोर्टी मारलं. पाना लावला, नट ढिम्म. या फवाऱ्याच्या नावातले चाळीस म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण, 1953 साली सॅन डिएगोत केलेलं. मी तिसऱ्या प्रयत्नातच बाहेर आलो. आच देता येत नाही, केबलचं प्लास्टिकचं वेष्टण आणि पेट्रोलची नळी तिथेच. संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी पुन्हा फवारा मारून आलो.

रविवार

लांब सहाकोनी सॉकेट शेजारून आणलं, हातोडीने ठोकून नटावर बसवलं. दांडा फिरू नये म्हणून ग्रिप प्लायरने धरला. पाठीवर झोपून उलटं-सुलटं कळत नाही, म्हणून सॉकेटवर खडूने बाण काढला. आधी किंचित आवळला, मग सोडवायला जोर लावला. कट्ट!

असा आवाज नट सुटल्यावर येतो आणि दांडा तुटल्यावरही. क्षणभर हात हलवायची हिंमत होईना. चष्म्यावर गंजाची पूड पडली होती. हळूच फिरवून पाहिलं तर नट फिरत होता, आटे शाबूत. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा फवारा, असं करत दोन्ही नट काढायला अर्धा तास गेला.

नवे नट, भरपूर ग्रीस. लिव्हर पाच खटक्यांवर आणला तर तो पूर्ण खाली असतानाही डावं चाक घासायला लागलं. असंच सोडलं तर ड्रम तापतो. दीड फेरा सैल केला. आता सहा खटके, चाकं मोकळी. लॉकनट आवळला.

संध्याकाळी घाटीवर गेलो. न्यूट्रल, हँडब्रेक, पायाचा ब्रेक सोडला. गाडी दोन बोटं मागे बसली आणि थांबली. आई गडग्यापाशी चिरा घेऊन उभी होती.

"ठेवू?"

"ठेव."