एकाच पत्त्यावरची माणसं

जत्रेतल्या कुस्त्या आमच्या ॲपवर लाइव्ह चालू होत्या. मैदान सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, मी पुण्यात दोन स्क्रीनसमोर. आमच्याकडे प्रेक्षक व्हिडिओचे तुकडे बघतो आणि दुसऱ्या प्रेक्षकाला पुरवतोही. सर्व्हरचं बिल त्यामुळेच झेपतं. कुणी कुणाकडून घ्यायचं हे ट्रॅकर ठरवतो, आणि त्यातला जोड्या लावणारा कोड माझा.

मोठी कुस्ती लागली आणि सर्व्हरवरचा भार सुसाट वर गेला. प्रेक्षक एकमेकांकडून काही घेतच नव्हते. तेवढ्यात कॅमेरावाल्याचा फोन. "सर, मागं उभी असलेली पोरं वरडायल्यात. हलगी कानाला ऐकू येतीय आणि फोनात नुसतं गोल फिरतंय."

लॉग उघडले. जोड्या लागत होत्या, पण जोडणी होत नव्हती. मग एका फोनचा आतला पत्ता दिसला: 100.64 ने सुरू होणारा. हा पत्त्यांचा पट्टा 2012 साली खास मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी (अनेक ग्राहकांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवणारी सोय) राखून ठेवलाय. म्हणजे शेकडो फोन बाहेरून एकाच आयपीचे, एकाच इंटरनेट पत्त्याचे दिसतात. आणि माझा नियम काय? आयपी एक, म्हणजे घर एक, वायफाय एक, लावा जोडी! प्रत्यक्षात त्या नॅटमागचे दोन फोन एकमेकांपर्यंत पोचतच नव्हते. दोघंही आत कडी लावून बसलेले, दार उघडणार कोण?

2001 मधला बिटटोरंटचा (लोकांनी फाइली अशाच एकमेकांकडून घ्यायची पद्धत) ट्रॅकर सरळ पन्नासेक जणांची कशीही यादी द्यायचा. आम्ही शहाणे, आम्ही 'जवळचे' निवडले.

मी तो नियम काढला. जोडी लावताना आधी नॅटचा प्रकार बघायचा, अंतर नंतर. प्रत्येक मोबाइलवाल्याच्या यादीत थेट पोचता येईल असे दोन-तीन ब्रॉडबँडवाले घातले, मग ते पुण्यातले असोत नाहीतर बेळगावातले. मोबाइलवरून मोबाइलला देणं पूर्ण बंद. तसंही लोकांचा दिवसाचा डेटा आपण का संपवायचा, हे मी मीटिंगमध्ये पूर्वीच म्हणालो होतो. कुणी ऐकलं नव्हतं.

नशीब, कुस्ती लांबली. खडाखडी चालूच होती, तेवढ्यात नवा कोड चढवला आणि भार उतरू लागला.

पुन्हा फोन. "सर, आता झ्याक दिसतंय."

"आणि कुस्ती?"

"बरोबरीत सोडवली. आता त्यावर वरडायल्यात."