पाव किलो चुका

इंग्रज विनोदी नट रॉनी बार्कर गेला तेव्हा मी इंग्लंडात रेडिंगला होतो, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने. ऑक्टोबर २००५. संध्याकाळी कामावरून आलो तर बाई टीव्हीसमोर बसून एकीकडे हसत होत्या आणि एकीकडे डोळे पुसत होत्या. एरवी आमचं बोलणं हवामानापलीकडे जात नसे. "रॉनी गेला," त्या म्हणाल्या. घरातलंच कुणी असणार असं समजून मी बूट हातात धरून तसाच उभा राहिलो. कोण रॉनी, हे विचारायचीही चोरी. मग त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

पडद्यावर एक हार्डवेअरचं दुकान होतं. गल्ल्यामागे बुटका दुकानदार, म्हणजे त्याचा जोडीदार रॉनी कॉर्बेट, उंची पाच फूट एक इंच. समोर मळक्या कपड्यातलं, मख्ख चेहऱ्याचं गिऱ्हाईक, म्हणजे आमचा स्वर्गवासी रॉनी. गिऱ्हाईक म्हणतं, 'फोर कँडल्स'. दुकानदार चार मेणबत्त्या आणून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, छे, 'फोर्क हँडल्स', बागेत माती उकरायच्या काट्याचे दांडे! तिथल्या बोलीत 'र' गिळतात आणि 'ह' खातात, त्यामुळे दोन्ही ऐकायला अगदी एक.

इथून पुढे दुकानदाराचे हाल सुरू. गिऱ्हाईक 'ओज' मागतं. दुकानदार आधी खुरपणीचं अवजार, म्हणजे 'हो', आणतो, मग पाण्याची नळी, म्हणजे 'होज', मग बायकांचे लांब मोजे, तेही 'होज'च. शेवटी कळतं, त्याला फाटकावर घराचं नाव लावायला 'ओ' ही अक्षरं हवी आहेत. पुढे ते 'पीज' मागतं. आता शहाणा झालेला दुकानदार शिडी चढून अक्षरांची पेटी पुन्हा खाली काढतो, आणि गिऱ्हाईकाला हवे असतात वाटाण्याचे डबे. इथे बाई इतक्या हसल्या की मला त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. मी तोवर मेणबत्त्यांपाशीच अडकलो होतो. मला उलगडा झाला तो रात्री अंथरुणावर, आणि मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो. खालून बाईंनी विचारलं, बरं आहे ना?

१९७६ सालचं हे प्रहसन. एका खऱ्या दुकानात झालेल्या गोंधळावरून सुचलेलं. मी ते अनेक मराठी मित्रांना सांगून पाहिलं आणि दर वेळी तोंडघशी पडलो. गंमत म्हणजे त्यात आपली लिपीही आड येते. इंग्रजीत लिहिताना शब्द दोन आणि कानाला एक, म्हणून तर मजा. देवनागरी पडली सरळमार्गी. जसं ऐकू येतं तसं लिहायला जावं तर दोन्हीकडे 'फॉकँडल्झ' असंच उमटतं, आणि मग भांडण कशावरून लागलं तेच वाचणाऱ्याला कळत नाही.

पण आपली हार्डवेअरची दुकानंही काही कमी नाहीत. 'चार पानं द्या.' नटबोल्ट पिळायचे पाने, विड्याची पानं की वहीची? 'तार आहे का?' कपडे वाळत घालायची, सतारीची की पाकाची? आणि माझं सगळ्यात लाडकं, 'पाव किलो चुका द्या.' लहान खिळे, पालेभाजी की पाव किलो अपराध? बार्करला मराठी येत असतं तर या एका वाक्यावर त्याने दहा मिनिटं काढली असती.

प्रहसन त्यानेच लिहिलेलं, पण टोपणनावाने: जेरल्ड वायली. हा वायली प्रकार १९६८च्या सुमाराला सुरू झाला. बार्कर आणि कॉर्बेट टीव्हीवरच्या डेव्हिड फ्रॉस्टच्या कार्यक्रमात होते. तिथे या वायलीकडून एकाहून एक सरस प्रहसनं यायला लागली. कोण हा माणूस, यावर सगळीकडे तर्क चालले. नाटककार टॉम स्टॉपर्डचंही नाव घेतलं गेलं. बार्कर शांतपणे ऐकायचा, आणि वायलीची काही प्रहसनं जमली नाहीत म्हणून नाकंही मुरडायचा. शेवटी वायलीने सगळ्यांना एका चिनी हॉटेलात जेवायला बोलावलं. मंडळी जमली. बार्कर उठून म्हणाला, वायली म्हणजे मीच. कुणी विश्वासच ठेवला नाही.

एवढा खटाटोप कशाला, तर निव्वळ आपण यातले मोठे नट म्हणून लिखाण घेतलं जाऊ नये यासाठी. पण मला वाटतं, कारण तेवढंच नसावं. हा माणूस दुसऱ्या कुणाच्या कपड्यात शिरला की सुखी असायचा. 'द टू रॉनीज' या त्यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात दोघं मेजामागे बसून खोट्या बातम्या वाचत, तिथे काही सोंग नव्हतं, नुसतं रॉनी बार्कर म्हणून बसायचं होतं. ते त्याला अवघड जायचं. सोंग चढलं की मात्र भीड चेपलेली. 'पॉरिज' या मालिकेत तो फ्लेचर नावाचा मुरलेला कैदी झाला. सुरुवातीला न्यायाधीशाचा गंभीर आवाज फ्लेचरला पाच वर्षांची सजा सुनावतो, तो आवाजही बार्करचाच. स्वतःच न्यायाधीश, स्वतःच आरोपी! 'ओपन ऑल अवर्स' या दुसऱ्या मालिकेतला त्याचा आर्कराइट हा तोतरा, चिक्कू वाणी. त्याच्या गल्ल्याचा खण असा खाडकन मिटायचा की हात घालणाऱ्याने आधी बोटं मोजून घ्यावीत. आपल्याकडच्या प्रत्येक पेठेत असा एक आर्कराइट आहे, फक्त तो तोतरा नसतो आणि दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतो.

आणि मग १९८७च्या अखेरीला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सगळं ऐन भरात असताना या गृहस्थाने काम सोडलं. ऑक्सफर्डशायरातल्या चिपिंग नॉर्टन गावात जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं आणि बायकोबरोबर ते दहाएक वर्षं चालवलं. फायदा असा फारसा झाला नाही म्हणतात. मला त्या दुकानात जायला फार आवडलं असतं. गल्ल्यामागे तो, समोर मी. तिथे तो नेमका कोण असेल, आर्कराइट, वायली की खुद्द बार्कर? गिऱ्हाइकांनाही हाच प्रश्न पडत असणार. कपबशीची किंमत विचारायची आणि तो हसवेल म्हणून वाट बघत उभं राहायचं.

अधूनमधून तो परतलाही. जायच्या वर्षीच दोघा रॉनींनी जुन्या प्रहसनांचा कार्यक्रम केला होता. त्याचा नाताळचा भाग उन्हाळ्यातच चित्रित करून ठेवला होता. तो दाखवला गेला डिसेंबरात, रॉनी जाऊन अडीच-तीन महिने झाल्यावर. बाईंनी मला मुद्दाम खाली बोलावून घेतलं. त्या वेळी मात्र डोळे पुसले नाहीत, नाताळातले गोड मिन्स पाय खात नुसत्या बघत राहिल्या.

पुढच्या मार्चमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची शोकसभा झाली. तिथल्या रीतीप्रमाणे मिरवणुकीत क्रुसासोबत दोन मेणबत्त्या नेतात. त्या दिवशी चार नेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं आणि या वेळी मला बाईंच्या आधी कळलं.

परवा पुण्यात आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. काही हवं नव्हतं. काउंटरवर हात ठेवून, चेहरा शक्य तितका मख्ख करून म्हणालो, "पाव किलो चुका द्या." आणि वाट बघत उभा राहिलो. दुकानदारकाकांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही.

"अर्धा इंची की पाऊण?"

मला उत्तर येत नव्हतं. अर्धा इंची घेऊन आलो.