चिप इन : ज्याला जेवढं झेपेल तेवढं

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या बॅचमधली बरीच मुलं सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शिवाय कानावर कन्नडही पडत असतं. त्यांना व्याख्या पाठ करायला देण्यापेक्षा मी प्रसंग देते.

जानेवारीत मंगळवेढ्याकडं हुरड्याला जायचं ठरलं. जीपच्या भाड्यासाठी काँट्री काढायची होती. मी म्हटलं, आजचा हिशोब इंग्रजीत. आणि फळ्यावर लिहिलं : 'चिप इन'. एखाद्या सामायिक खर्चात आपला वाटा घालणं. पत्त्यांच्या जुगारात पैशांऐवजी ज्या चकत्या मधे टाकतात त्यांना चिप म्हणतात, त्यावरून हा प्रयोग आला असं मानतात.

'आय विल चिप इन फिफ्टी रुपीज,' एकानं लगेच जमवलं. रक्कम अशी थेट पुढं येते. कशासाठी ते सांगायचं तर 'फॉर' : 'लेट्स चिप इन फॉर द जीप.'

एक मुलगी गप्प होती. आई विड्या वळते, महिन्याची ओढाताण मला ठाऊक आहे. थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, मी शेंगाचटणी आणली तर चालेल?" चालेल म्हणजे काय! चटणीशिवाय हुरडा कसला? फळ्यावर तिचंच वाक्य आलं : 'शी चिप्ड इन विथ चटणी.' पैशाऐवजी वस्तू दिली की 'विथ'. हा प्रयोग मला आवडतो तो याचसाठी. वाटा सारखाच असला पाहिजे, अशी अट त्यात नाही. बिल समान वाटलं तर ते 'स्प्लिट'. ज्यानं त्यानं आपापलं भरलं, म्हणजे आपलं टीटीएमएम, तर 'गो डच'. आणि आकडा आधीच लिहिलेली पावती घेऊन कुणी दारात उभं राहिलं, तर त्याला मी तरी चिप इन म्हणणार नाही.

शेतावर आगटी पेटवायला, कणसं चोळायला सगळ्यांनी हात लावला. अंगमेहनतीच्या अशा मदतीला 'पिच इन' जास्त शोभतं.

चिप इनचा आणखी एक अर्थ आहे, विशेषतः ब्रिटिश बोलण्यात : चाललेल्या चर्चेत मधेच आपलं म्हणणं घालणं. 'कॅन आय चिप इन हिअर?' असं विचारलं तर उद्धटपणा वाटत नाही.

मित्रांत, ऑफिसातल्या सहकाऱ्यांत हे सगळं खुशाल वापरा. नोकरीच्या अर्जात मात्र 'कॉन्ट्रिब्यूट' लिहा.