रबरी घमेलं आणि तीन खेपा

गेल्या आठवड्यात एका पहाटे बादली हिंदकळली आणि उजवा हातमोजा भिजला. तो काढून टाकला आणि तशाच ओल्या हाताने मी गोठ्याची लोखंडी कडी धरली. बोटं कडीला चिकटली. कळायच्या आधी मी हात ओढायला निघाले होते, तेवढ्यात मागून बाबा ओरडले, "ओढू नकोस गं! कातडी निघेल." त्यांनी बादलीतलं कोमट पाणी हळूहळू कडीवर सोडलं, तेव्हा बोटं सुटली. दोन बोटांच्या टोकांना अजून नीट जाणीव आलेली नाही. आता कडीला सुतळी गुंडाळली आहे. हे काम पहिल्याच हिवाळ्यात व्हायला हवं होतं.

आमचा संसार लहान आहे. घर, घरामागे 60 पावलांवर गोठा आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून कोंबड्यांचं खुराडं. मोरी नावाची एक दुभती गाय, 4 शेळ्या, 11 कोंबड्या, एक कोंबडा आणि एक म्हातारा कुत्रा. माणसं दोनच, मी आणि बाबा. हा आमचा इथला चौथा हिवाळा. पहिल्या वर्षी मला वाटायचं की सगळी लढाई थंडीशी आहे. पण अंगावर जाड केस किंवा पिसं असलेलं, पोटभर खाल्लेलं आणि कोरडं जनावर शून्याच्या बरंच खालचं तापमान निभावून नेतं. जाच होतो तो पाण्याचा. पिण्याच्या भांड्यात हवं तेव्हा त्याचा दगड झालेला असतो आणि खुराड्याच्या हवेत नको तेव्हा ते नेमकं तिथेच असतं.

खुराड्याची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण त्यात चूक माझी होती आणि भोगलं मात्र कोंबड्याने.

पहिला कडाका आला त्या दिवशी मी दुपारभर खपून खुराड्याची प्रत्येक फट बुजवली. फळ्यांमध्ये गोणपाट कोंबलं, छताखालच्या झडपांवर प्लास्टिक ठोकलं, दाराला आतून घोंगडी लावली. पाण्याचं भांडंही आतच ठेवलं. रात्री झोपताना मनाला फार बरं वाटलं. सकाळी दार उघडलं आणि नाकात झोंबणारा वास आला, डोळ्यांत पाणी आलं. कंदील वर धरला तर छताच्या आतल्या बाजूला पांढरी लव धरलेली, खिळ्यांच्या टोकांवर बर्फाचे मणी. खालचा पेंढा दमट. कोंबडा दांडीवर मान आत ओढून बसला होता. दोन दिवसांनी त्याच्या तुऱ्याची टोकं आधी फिकट, मग काळी पडली. हिमदंश झाला होता. त्या वर्षी त्याच्या तुऱ्याची तीन टोकं गळून गेली.

पलीकडच्या शेतावरच्या आजी बघायला आल्या. त्यांनी आधी छताला हात लावला, मग माझ्याकडे वळल्या. "अगं पोरी, कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, शिटतात. ती ओल जायची कुठून? तू तर त्यांना डब्यात बंद केलंस." मग त्यांनी स्वतःच्या हाताने वरचं प्लास्टिक फाडून काढलं.

तेव्हापासून आमची रीत ठरली आहे. छतालगतच्या झडपा हिवाळाभर उघड्या, बसायच्या दांडीच्या चांगल्या वर, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते आणि झोत कोंबड्यांच्या अंगावर येत नाही. त्यांच्या पातळीवरच्या फटी मात्र बंद. दांडी गोल आणि बारीक होती, ती काढून रुंद, सपाट पट्टी बसवली, म्हणजे बोटं पसरून बसता येतं आणि पोटाची पिसं बोटांवर येतात. पाण्याचं भांडं रात्री बाहेर. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, तेव्हा तिचं काही अडत नाही. रोज सकाळी मी पेंढ्यात हात खुपसून बघते. हाताला ओल लागली तर वरून कोरडा थर. थर्मामीटरपेक्षा त्या हातावर माझा जास्त भरवसा आहे.

आता पिण्याचं पाणी. आमचा दिवस त्याच्याभोवती फिरतो. मोरी दिवसाला 50 लिटरच्या वर पाणी सहज पिते. पाणी कमी पडलं की ती सुकं गवतही कमी खाते, आणि हे थंडीत चालत नाही. गवत पोटात आंबतं तेव्हा ऊब तयार होते, तीच तिची शेगडी असते. म्हणून कडाक्याच्या रात्री आम्ही संध्याकाळी उशिरा जास्तीचं गवत टाकतो, म्हणजे पहाटेपर्यंत पोट काम करत राहतं. "बर्फ चाटून भागवतील की," असं कुणी म्हटलं की मला राग येतो. 1 किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेवढंच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापेल. ती उष्णता जनावराने स्वतःच्या अंगातून का द्यायची?

सुरुवातीला पत्र्याची टाकी होती. रोज पहारीने बर्फ फोडायचे आणि एक दिवस पहार तळातून आरपार गेली. आता बांधकामावर असतं तसं काळं रबरी घमेलं वापरतो, मोठ्या आकाराचं. पालथं घालायचं, बुडावर पायाने दोन दणके द्यायचे, बर्फाची अख्खी चकती सुटून पडते. उन्हात ठेवलं तर काळ्या रंगामुळे कडेचं पाणी थोडं जास्त वेळ टिकतं. दोन घमेली आहेत, एक वापरात आणि एक घरात. सकाळी, दुपारी आणि दिवस मावळायच्या आधी, अशा तीन खेपा. पाणी कोमट नेलं की शेळ्या तोंड वर न काढता पितात. गार दिलं की नुसतं हुंगून बाजूला होतात.

नळ आहे, पण नळावर विसंबायचं नाही. पाइप जमिनीत खोल पुरला आहे, तिथे गोठत नाही. गोठतो तो भिंतीपाशी वर आलेला दीड फुटाचा तुकडा. दुसऱ्या वर्षी तो फुटला. गोठताना पाण्याचा आकार साधारण 9 टक्क्यांनी वाढतो, आणि बर्फाचा बोळा व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी पाइप फाडतं. म्हणून आता तो तुकडा कापडाने आणि फोमने गुंडाळलेला असतो आणि फार थंड रात्री नळ बारीक धारेवर सोडतो. गोठलाच तर आधी नळ उघडायचा आणि नळाच्या बाजूने मागे मागे गरम पाण्याची फडकी लावत जायचं. आग लावून पाइप तापवायचा नाही, विशेषतः जिथे सुकं गवत आहे तिथे.

हे सगळं जमतं. मला भीती वाटते ती गोठणाऱ्या पावसाची.

वर उबदार हवेचा थर असतो, त्यात बर्फ वितळून थेंब होतो. जमिनीलगतची हवा शून्याच्या खाली असते, पण थेंबाला गोठायला वेळ मिळत नाही, तो तसाच खाली येतो आणि ज्याला टेकेल त्यावर क्षणात काच होतो. परवाच्या रात्री असाच पाऊस झाला. अंधारात फांद्या मोडल्याचे आवाज येत होते. वीज 11 वाजता गेली. पहाटे दार उघडलं तर पायरी, अंगण, कुंपणाची तार, सगळं एकाच चकचकीत सालीत गुंडाळलेलं. गोठ्यातून मोरी हंबरत होती आणि मध्ये ती 60 पावलं.

चुलीची राख आम्ही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवतो, गोठ्यापासून लांब, कारण राखेत निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो. मीठ वापरत नाही. उणे 10च्या खाली ते फारसं चालत नाही, कोंबड्या खडे टिपतात आणि कुत्र्याच्या तळव्यांना भेगा पडतात. राखेत वाळू मिसळली. बाबा पुढे निघाले, तर मी त्यांना थांबवलं. "बाबा, आज तुम्ही चुलीपाशी. पाणी तापवा." त्यांचं वय 71, एकदा कमरेचं हाड मोडलं की पुढचं मला माहीत आहे. ते काही बोलले नाहीत, आत गेले.

घर ते गोठा असा दोर आम्ही हिवाळ्याच्या तोंडाशी बांधून ठेवतो. डाव्या हातात दोर, उजव्याने मूठभर राख पुढे टाकायची, पाऊल अख्खं टेकवायचं, वजन पुढच्या पायावर आलं की मगच मागचा पाय उचलायचा. पुन्हा मूठभर राख. जायला अर्धा तास लागला. वाटेत दोरावरची बर्फाची नळी हाताखाली कडकड मोडत होती.

मोरीला त्या दिवशी बाहेर काढलं नाही. बर्फावर गायीचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले तर मांडीचे स्नायू फाटतात आणि बसलेली गाय पुन्हा उठेलच असं नसतं. गोठ्याच्या दारातसुद्धा मी राख आणि पेंढा घातला, खुरांखाली काहीतरी खरखरीत असावं म्हणून.

मग परत येऊन बादल्या. एका वेळी एकच आणि तीही अर्धी, झाकण लावून, म्हणजे वाटेवर सांडून नवा बर्फ होत नाही. एरवीच्या तीन खेपांच्या त्या दिवशी चौदा झाल्या. जनरेटर बाबांनी अंगणात उघड्यावरच चालवला. धूर घरात शिरला तर कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, माणूस झोपेतच जातो, यावर आमच्या घरात वाद नाही.

शेवटची खेप नेली तेव्हा दिवस मावळत होता. मोरीने घमेल्यात तोंड घातलं आणि थांबलीच नाही. घोट घशातून खाली जाताना दिसत होते. तिच्या मिशांवरचं बर्फ वितळून पाण्यात ठिबकत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. केसांच्या वर गार, आत बोटं घातली की ऊबदार आणि कोरडं.

आज बाहेर उणे 8 आहे, आभाळ स्वच्छ. वीज अजून आलेली नाही. चुलीवरचं पातेलं वाजायला लागलंय आणि बाबा बूट घालून दारात उभे आहेत. राख पुरेशी आहे, वाटही बरी आहे, आज त्यांना येऊ देते.